शांतता राखा, शुभमंगल चालू आहे

अहो वहिनी, हॉल नव्हे हो, लायब्ररी! त्या कोपऱ्यावरच्या काकूंना मी चांगलं फोड करून सांगितलं होतं, तरी सोसायटीभर बातमी काय पसरली, तर हिच्या भाचीचं लग्न अमेरिकेत कुठल्याशा 'लिबर्टी हॉल'मध्ये झालं. या अशा भिंतीजवळ. ती कढीपत्त्याची फांदी जरा बाजूला करा, डोळ्यांत जाते. गॅसवर दूध नाही ना ठेवलंत? मग ऐका.

बॉस्टन पब्लिक लायब्ररी. कोप्ली चौकात. वाचनालय म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर आलं असेल तसं नाही हं, पिवळा बल्ब, कुरकुरणारा पंखा आणि पेपर कोण आधी घेतो यावरून दोन निवृत्त गृहस्थांची धुसफूस. ही इमारत आहे १८९५ची. जिना पिवळ्या संगमरवराचा, जिन्यावर दोन दगडी सिंह. त्यांच्याकडच्या यादवी युद्धात मॅसॅच्युसेट्सच्या दोन पलटणी लढल्या, त्यांच्या स्मरणार्थ बसवलेले. सिंह अजून बिनपॉलिशचेच आहेत, पण शेपट्या मात्र चकचकीत! हात लावला की नशीब उघडतं म्हणे. आमच्या ह्यांनी दोन्ही सिंहांना लावला. म्हटलं, आता या वयात काय उघडायचं राहिलंय?

हो, ताई, म्हणजे भाचीची आई, आधी भडकलीच होती. फोनवर मला म्हणाली, "लायब्ररीत लग्न म्हणजे पाहुण्यांनी काय कुजबुजत जेवायचं?" तिला हवं होतं रिसॉर्ट, घोडा, ढोल, सगळं. आणि भाचीचं एकच पालुपद, लग्न करीन तर तिथेच. का, तर ती शिकायला गेली ना, तेव्हा पैसे बेताचे, खोली पोटमाळ्यावरची आणि घरमालकीण हीटर असा लावायची की बोटं आखडून जात. मग ही संध्याकाळ झाली की तिथल्या मोठ्या वाचनदालनात जाऊन बसायची. बेट्स हॉल त्याचं नाव. वर भलंमोठं कमानदार छत, लांबच लांब टेबलं, त्यावर हिरव्या काचेचे दिवे. आत यायला पैसे नाहीत, ओळखपत्र नाही, कोणी 'काय काम आहे' विचारत नाही. दारावरच कोरून ठेवलंय, सर्वांना मोफत.

आता यातली गंमत ऐका. तो बेट्स कोण माहीत आहे? जोशुआ बेट्स. लंडनला बेअरिंग नावाच्या पेढीत मोठा भागीदार झाला, पण पोरवयात बॉस्टनमध्ये अगदी फाटका. खोलीत शेकोटी पेटवायला पैसे नाहीत, पुस्तक घ्यायला नाहीत, जायला ठिकाण नाही. मग हा संध्याकाळी एका पुस्तकाच्या दुकानात जाऊन वाचत बसायचा. दुकानदार बसू द्यायचा, हे महत्त्वाचं. आपल्या इथे अप्पा बळवंत चौकात बसून बघा तसं! पुढे १८५२ साली या बेट्सने लायब्ररीला पन्नास हजार डॉलर दिले पुस्तकांसाठी, आणि अट घातली की इमारत शहराला शोभेल अशी बांधा आणि शंभर-दीडशे माणसांना बसून वाचता येईल, अशी चांगली उबदार, उजेडाची जागा ठेवा. म्हणजे बघा, गारठलेल्या एका पोराने सोय करून ठेवली आणि आमची गारठलेली पोरगी तिथे जाऊन बसली. आणि शेजारच्या खुर्चीवर कोण? जावई! आयरिश वंशाचा, उंच, लाजाळू. वर्षभर दोघं एकाच दिव्याखाली वाचत होते आणि बोलायची चोरी, कारण शांतता राखायची. वहिनी, मला विचाराल तर लग्न टिकायला याहून चांगली तालीम नाही.

काय? मोफत म्हणजे लग्नही मोफत? छे हो! वाचन मोफत, वऱ्हाड नाही. भाडं आहे, आणि आकडा मी सांगायचा नाही अशी ताईने शपथ घातली आहे. एवढंच सांगते, भावजी दोन दिवस जेवणात मीठ कमी आहे की जास्त हे बोलले नाहीत.

पण पैशापेक्षा मुहूर्ताने घाम काढला. आपल्याकडे मुहूर्त ठरतो आणि मग कार्यालय शोधतात. तिथे उलटं. आधी वाचक. वाचनालय बंद झाल्याशिवाय तुमची खुर्चीसुद्धा आत येणार नाही. राष्ट्राध्यक्षांची मुलगी असती तरी मला वाटतं हेच सांगितलं असतं, आणि मला ते आवडलं. इथे नाही का, कार्यालयासमोर रस्त्यात मांडव घालतात आणि बिचारी बस चौकातून वळून जाते! गुरुजी तिकडचेच, सोमवार ते शुक्रवार कॉम्प्युटरवर आणि शनिवार-रविवार पाटावर. त्यांनी पंचांग उघडलं आणि म्हणाले, गोरज मुहूर्त घेऊ. जूनमध्ये बॉस्टनला सूर्य मावळतो सव्वाआठ वाजून गेल्यावर. वाचक घरी, वऱ्हाड दारी. गाई तेवढ्या नव्हत्या.

मग आला अग्नीचा प्रश्न. पुस्तकांच्या घरात होम कोण पेटवू देईल? समईतसुद्धा बॅटरीच्या वाती. आणि विनोद असा की त्या इमारतीच्या कमानी मुळात आगीला दाद न देणाऱ्या! ग्वास्ताविनो म्हणून स्पेनचा एक कसबी माणूस होता. पातळ फरश्या, त्यांचे थरावर थर, झटकन धरणारा चुना-सिमेंट, आणि त्यातून त्याने सात तऱ्हांच्या कमानी उभ्या केल्या तिथे. अमेरिकेतलं त्याचं पहिलं मोठं काम ते. मी म्हटलं, अहो छताला काही होणार नाही म्हणता, मग घालू द्या की चार आहुती. भाचीने डोळे वटारले. शेवटी होम, सप्तपदी सगळं सकाळीच तिच्या गॅरेजच्या दारात उरकलं, शेजारचा अमेरिकन म्हातारा हातात पाण्याचा पाइप घेऊन उभा. बादली नाही, पाइप. मदतीला हो, पण तुपाची धार पडली की तो दचकायचा.

आणि कायद्याचं लग्न वेगळंच. दोघांनी नगरपालिकेत जाऊन अर्ज द्यायचा, तीन दिवस थांबायचं, की परवाना हातात. साठ दिवसांत लग्न उरका. आपल्याकडे रजिस्टर लग्नाला तीस दिवसांची नोटीस लागते, आठवतंय ना तुमच्या दिरांच्या वेळी? त्या तीस दिवसांत घरात काय काय झालं ते मी बोलत नाही. तर तिथे लग्न लावायला आपला मित्रसुद्धा चालतो. राज्यपालांकडे अर्ज केला की एका दिवसापुरता अधिकार मिळतो. जावयाचा कॉलेजातला दोस्त एका दिवसाचा गुरुजी! हसू नका, आमच्या खऱ्या गुरुजींनी त्याला शेजारी बसवून घेतलं आणि दक्षिणेतला नारळही दिला. तो नारळ कसा फोडायचा म्हणून पोरगा रात्रभर विचारत होता.

आता खरी भानगड. पण हळू बोलते, तुमचे सासरे गॅलरीत आहेत.

लग्न लागायचं होतं आतल्या चौकात. उघडा चौक, भोवती कमानींची ओसरी, रोममधल्या एका जुन्या वाड्यावरून घेतलेली. मधोमध कारंजं. आणि कारंज्यात कोण उभी? एक बाई. काशाची. एका हातात द्राक्षांचा घड उंच धरलेला, दुसऱ्या हातावर तान्हं बाळ, एका पायावर गिरकी घेते आहे, आणि अंगावर सूतभर कापड नाही! ताईने रंगीत तालमीच्या दिवशी ती पहिल्यांदा बघितली आणि मटकन बसलीच. गुरुजींना म्हणाली, अंतरपाट जरा मोठा आणा. गुरुजी म्हणाले, अंतरपाट वधू-वरांच्या मध्ये असतो, कारंज्यापुढे नसतो.

पण वहिनी, तुम्हाला वाटेल आपणच बाई जुनाट. मॅकमॉनिस नावाच्या शिल्पकाराची ती पुतळी. इमारतीचा वास्तुरचनाकार मॅकिम, त्याने ती लायब्ररीला भेट दिली. आणि १८९६ साली बॉस्टनमध्ये असा गहजब झाला म्हणता! दारूबंदीवाल्या बायका उठल्या, उपदेशक उठले. नागडी ती नागडी, वर प्यालेली, आणि त्यात कडेवर मूल! शेवटी मॅकिम वैतागला. १८९७मध्ये भेट परत घेतली आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकली. तिथे असा गहजब झाला नाही. पुणं आणि मुंबईच म्हणा ना! पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी बॉस्टनला उपरती झाली, तेव्हा कुठे तिची प्रतिकृती त्याच चौकात आली.

तर ताईने दोन आतेभावांना कामाला लावलं. पैठणी शेला घेऊन कारंज्यासमोर उभं राहायचं. मंगलाष्टकं सुरू झाली, वारा सुटला, शेला उडाला आणि दोघे भाऊ त्या बाईकडे बघत उभे. सगळ्या फोटोंत तसेच. जावयाची आजी नव्वदीची, चाकाच्या खुर्चीत. ती म्हणाली, "राहू द्या तिला. एकदा हाकलून दिलंय, आता तरी समारंभ बघू दे." ताईने शेला घडी करून ठेवला.

अक्षता? फेकायच्या नाहीत, हे आधीच ठरलेलं. तांदूळ दगडी फरशीवर पडला की पाहुणे घसरतात आणि दुसऱ्या दिवशी वाचकांच्या बुटाखाली येतो. म्हणून 'सावधान' झालं की वडीलधाऱ्यांनी एकेक करून पुढे यायचं आणि हाताने डोक्यावर चार दाणे ठेवायचे. सुरुवातीला मला ओकंबोकं वाटलं. पण सांगू, आपल्याकडे अक्षता कशा पडतात? निम्म्या पुढच्या रांगेतल्या टकलांवर आणि उरलेल्या आईस्क्रीम कुठे आहे बघत. इथे प्रत्येकाला नवरा-नवरीपर्यंत जावं लागलं, तोंड बघावं लागलं. अमेरिकन मंडळी मात्र दर 'सावधान'ला टाळ्या वाजवत होती. आठ वेळा लग्न लागलं.

सावधानवरून आठवलं. लग्न लागल्यावर सरबतं आणि खाणं वरच्या ॲबी रूममध्ये. भिंतीवर चहूकडे चित्रं, एडविन ॲबी नावाच्या चित्रकाराची, त्यांच्या पुराणातली. गॅलाहॅड नावाचा एक शूर तरुण, लाल झगा, पवित्र प्याल्याच्या शोधात निघालेला. छान वाटत होतं. मी बटाटेवड्याची बशी घेऊन एका चित्राखाली उभी. जावयाच्या मामांना विचारलं, हे काय चाललंय यात? ते म्हणाले, याचं लग्न झालंय आणि त्याच सकाळी प्याला शोधायला तो बायकोला सोडून निघालाय. मी म्हटलं, अरे देवा, हे तर रामदास! आमचे तर 'सावधान' ऐकताच बोहल्यावरून पळाले, हा निदान लग्न लावून गेला. मग मामांना रामदासस्वामींची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी ती आणखी चौघांना सांगितली, आणि त्यानंतर जो तो येऊन जावयाला विचारतो, "तू अजून इथेच ना?" भाचीने त्याचा हात जो धरला तो जेवणापर्यंत सोडला नाही.

जेवण झकास. श्रीखंड होतं, पण पुरी म्हणून जे आलं त्याबद्दल न बोललेलं बरं. कौतुक करायचं ते जागेवर ठेवलेल्या चिठ्ठ्यांचं. जुन्या लायब्ररीत ड्रॉवरमध्ये कार्डं असायची ना, लेखक, विषय, क्रमांक, तशी प्रत्येक पाहुण्याच्या नावाची टाइप केलेली. माझ्यावर काय होतं? 'मावशी, वधूची. प्रत एकच. फक्त संदर्भासाठी, घरी नेता येणार नाही.' आणि ह्यांच्यावर, 'जुनी आवृत्ती, बांधणी सैल.' हे कार्ड ह्यांनी खिशात घातलंय आणि अजून मला दाखवत नाहीत.

आपल्याकडे का होत नाही म्हणता? लायब्ररीपुढे फोटो काढतात की. मुंबईत एशियाटिकच्या पायऱ्यांवर जाऊन बघा सकाळी, नवऱ्या घेर सावरत उभ्या असतात आणि फोटोवाला म्हणतो जरा वर बघा. वरचं दार ढकलून आत किती जातात, ते मात्र विचारू नका. आणि लांब कशाला, आपलं पुणे नगर वाचन मंदिर १८४८चं, लोकहितवादींच्या पुढाकारातलं. बॉस्टनच्या लायब्ररीचा ठरावही १८४८चाच! हे मी तिथे भर पंगतीत सांगितलं. पुण्याची माणसं असतील तिथे हे सांगावंच लागतं. तुमच्या धाकट्याचं जमलं की मी स्वतः लक्ष्मी रोडला जाऊन विचारून येते, देतात का जागा. दिली नाही तर निदान वर्गणीदार होऊन येईन. माझी कधीचीच तुटली आहे.

बरं, माझं पुष्कळ झालं. आता तुम्ही सांगा, मी नसताना त्या समोरच्या बंगल्यातल्या सूनबाई सामान घेऊन माहेरी गेल्या म्हणे, ते खरं का? आणि टेम्पो कोणी बोलावला होता?