येथे स्वेटर विणून मिळणार नाही

मी स्वेटर विकत नाही. हे वाक्य मी आजवर जितक्या वेळा उच्चारलं आहे, तितक्या वेळा रामनाम घेतलं असतं तर परलोकाची कायमची सोय झाली असती.

मी स्वेटरची कृती विकते. लोकर कोणत्या जाडीची, सुया कोणत्या मापाच्या, टाके किती घालायचे, मुंढा कुठे घटवायचा, गळा कधी सुरू करायचा, बाहीचे टाके कुठून उचलायचे, हे सगळं पाच-सहा पानांत लिहायचं, त्याची पीडीएफ करायची आणि ती विकायची. विणायचं विकत घेणाऱ्यानं. एवढं समजावून झालं की समोरची व्यक्ती थोडा वेळ गप्प राहते आणि मग विचारते, “म्हणजे लोक पैसे देऊन वर स्वतःच राबतात?” हो, राबतात. हरिश्चंद्रगडावर जाणारेही पैसे भरून स्वतःच चढतात, त्यांना कुणी हे विचारत नाही. “बरं, पण मला एक स्वेटर करून देशील ना?” हा पुढचा प्रश्न. तो कधी चुकत नाही.

त्यात मी राहते डोंबिवलीत. आमच्याकडे थंडी पडते ती बातम्यांत. किमान तापमान विसाच्या खाली घसरलं की पहाटेच्या लोकलमध्ये मफलर दिसू लागतात आणि साडेनऊच्या लोकलमध्ये त्याच मफलरनं घाम पुसला जातो. माझं गिऱ्हाईक त्यामुळे नॉर्वेत, स्कॉटलंडमध्ये, कॅनडात. मराठी गिऱ्हाईकही आहे, पण ते मिनेसोटात मुलीच्या बाळंतपणाला गेलेलं. उत्तरेकडच्या बायका ऑगस्ट संपता संपता हिवाळ्याच्या तयारीला लागतात. तोवर पॅटर्न बाजारात हवा, तर नमुन्याचा स्वेटर एप्रिल-मेमध्ये विणायला हवा. म्हणजे वैशाखात पंखा पाचवर, मांडीवर मेरिनो लोकरीचा जाडजूड पसारा आणि शेजारी कोकम सरबत. तो संपवून हुश्श म्हणावं, तर मेलबर्नहून पत्र येतं की आमचा हिवाळा जूनमध्येच सुरू झाला, नवीन काय आहे? गिऱ्हाइकांचे हिवाळे दोन आणि माझा उन्हाळा एकच, पण तो बारमाही.

स्वेटर झाला की त्याचे फोटो काढायचे. मॉडेल म्हणजे माझी भाची. तिला बाहेर खाऊ घालण्याच्या बोलीवर मे महिन्यात सकाळी सहाला गच्चीवर उभं करायचं, स्वेटर, टोपी, गळ्यात मफलर घालून. मागे आंबा दिसता कामा नये, वाळत घातलेले पापड दिसता कामा नयेत, पाण्याची टाकी तर नाहीच नाही. “आत्ता बर्फ पडायला लागलाय, असा चेहरा कर,” मी म्हणते. “मावशी, मी आयुष्यात बर्फ फक्त उसाच्या रसात पाहिलाय,” ती म्हणते. अशाच एका फोटोवर ओस्लोहून एका बाईंनी कळवलं होतं की, मॉडेलच्या चेहऱ्यावरची झळाळी फार सुंदर आहे. तो घाम होता. मी आभार मानले.

आता त्या “करून देशील ना” कडे येते. मध्यम अंगाच्या माणसाचा, मध्यम जाडीच्या लोकरीचा स्वेटर घ्या. छातीच्या घेरात दोनशे वीस टाके. सगळा धरून, बाह्या-गळ्यासकट, साठ हजारांच्या आसपास टाके होतात. बरा सराव असलेला हात मिनिटाला तीस टाके घालतो. म्हणजे दोन हजार मिनिटं, तेहतीस तास. तासाला नुसते शंभर रुपये धरले तरी मजुरी झाली तेहतीसशे, लोकर वेगळी. हा हिशेब मी शेजारच्या काकूंना एकदा कागदावर मांडून दाखवला. त्यांनी तो नीट वाचला आणि म्हणाल्या, “अगं, पण तू टीव्ही बघताबघताच विणतेस ना? मग मजुरी कसली?” त्यांच्या मते मनोरंजन आणि मजुरी एकाच वेळी घेणं हा भ्रष्टाचार आहे.

विणणारी बाई रिकामटेकडी असते, हा आपल्याकडचा पक्का समज. लोकलच्या लेडीज डब्यात मटार सोलणारीकडे सगळ्या आदरानं बघतात. काय बाई कामसू, घरी गेल्यागेल्या भाजी फोडणीला! तिच्या बाजूला मी विणत बसले की “वेळ छान जातो नाही?” असं विचारतात. मी त्या क्षणी एकशे सत्याऐंशीव्या टाक्यावर असते. उत्तर द्यावं तर मोजणी जाते, न द्यावं तर शिष्ट ठरते. मी “एकशे अठ्ठ्याऐंशी” एवढंच म्हणते आणि डोंबिवलीपर्यंत सगळ्या माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघतात.

खरं तर विणणं हा या धंद्यातला सगळ्यात लहान भाग. मोठा भाग अंकगणिताचा. पॅटर्न एका मापाचा चालत नाही. माझा स्वेटर छाती ७५ सेंटिमीटरपासून १५५ सेंटिमीटरपर्यंत नऊ मापांत लिहावा लागतो, आणि माणूस काही सगळीकडून सारखा वाढत नाही. छाती दुप्पट झाली म्हणून हात दुप्पट लांब होत नाहीत. तसे झाले असते तर माझं काम सोपं झालं असतं आणि लोकलमध्ये कड्या धरायलाही बरं पडलं असतं. खांदे थोडेसेच रुंदावतात, मुंढ्याची खोली वेगळ्या हिशेबानं वाढते, मनगटं जवळपास जागच्या जागी राहतात. म्हणून प्रत्येक मापाचा मुंढा वेगळा, घट वेगळी, बाही वेगळी. हे सगळे आकडे मग एक तांत्रिक संपादक तपासते. ती तासावर पैसे घेते आणि तिला कुणी टोपडं करून मागत नाही. पुढे दहा-बारा बाया तो स्वेटर वेगवेगळ्या मापांत विणून बघतात आणि मगच तो विक्रीला येतो.

या विणून बघणाऱ्यांत मी एकदा माझ्या मावशीला घेतलं. मावशीनं सगळ्या खानदानाला स्वेटर घातले आहेत. तिच्या कुंच्यांतून बाहेर पडलेली बाळं आता निवृत्तीला आली. पण तिनं जन्मात कधी लिहिलेली कृती वाचलेली नाही. मी छापील पानं तिच्या हातात दिली. तिनं चष्मा लावला, पानं उलटसुलट केली आणि विचारलं, “एवढं काय लिहिलंयस?”

“अगं मावशी, आधी दहा सेंटिमीटरचा तुकडा विणायचा, धुवायचा, वाळवायचा आणि त्यात बावीस टाके येतायत का ते मोजायचं.”

“आणि मग?”

“मग तो बाजूला ठेवायचा आणि स्वेटर सुरू करायचा.”

“म्हणजे लोकर फुकट घालवायची!”

हा तुकडा म्हणजे आमच्या धंद्यातला जुना तंटा. सगळ्या जगातल्या बायका तो टाळतात. कुणाचा हात घट्ट असतो, कुणाचा सैल. मी दहा सेंटिमीटरला बावीस टाके धरून दोनशे वीस टाक्यांचा, शंभर सेंटिमीटर घेराचा स्वेटर लिहिते. ज्या बाईच्या सैल हाताला तेवढ्यात वीसच टाके बसतात, तिचा स्वेटर एकशे दहाचा होतो. नवऱ्यासाठी घातलेला स्वेटर मग सासऱ्यांना जातो आणि तक्रार माझ्याकडे येते. मावशीनं तुकडा विणला नाही. तिनं भाचेजावयाला समोर उभं केलं, छातीवर वीत ठेवली, “चार बोटं बॉर्डर, मग वीत-वीत-वीत, मग बेतानं घटवायचं” असं म्हणून टाके घातले. स्वेटर इतका चपखल बसला की माझी संपादक तो बघून काही काळ बोललीच नाही. पण ‘बेतानं घटवायचं’ हे मी नऊ मापांत लिहून डॉलरला विकू शकत नाही. ओस्लोच्या बाई विचारतील, बेत म्हणजे किती मिलिमीटर?

मावशीची बाजू घेणारी एक मोठी बाई या क्षेत्रात होऊन गेली. एलिझाबेथ झिमरमन. जन्म इंग्लंडमधला, १९१०चा. संसार अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या एका जुन्या शाळाघरात. १९७१ साली तिचं ‘निटिंग विदाउट टिअर्स’ आलं आणि बायकांना कळलं की डोकं वापरून विणायला परवानगी आहे. तिचा सगळा हिशेब टक्केवारीचा: अंगाच्या घेराचे टाके शंभर टक्के धरा, मनगटाशी साधारण वीस टक्के, आणि बाकीचं त्या प्रमाणात. तुमचा हात घट्ट असो की सैल, तुमचे टाके तुम्हीच मोजा आणि तुमचा स्वेटर तुम्हीच आखा. मावशीचा बेत तिनं टक्क्यांत मांडला एवढाच फरक. तिनं स्वतःचंच प्रकाशन-दुकान काढलं आणि घरबसल्या टपालानं धंदा केला. मी हे मावशीला कौतुकानं सांगितलं. मावशी म्हणाली, “बरोबर आहे तिचं. पण तीही तुकडा विणत असेल तर मला सांगू नकोस.” विणत होती. मी सांगितलं नाही.

सुयांच्या नंबरांमुळे तर मला देशोदेशींचे शिव्याशाप मिळाले असते. आपल्याकडे अजून जुना इंग्रजी हिशेब चालतो. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत नंबर वाढला की सुई जाड होते. मावशीची दहा नंबर सव्वातीन मिलिमीटरची, अमेरिकेतली दहा नंबर सहा मिलिमीटरची. पॅटर्नमध्ये नुसतं ‘दहा नंबर’ लिहिलं तर एकीचं बाळाचं झबलं होईल आणि दुसरीची मासे धरायची जाळी. म्हणून मी फक्त मिलिमीटर लिहिते. तरीही दादरच्या दुकानदाराला मिलिमीटर सांगितले की तो म्हणतो, “ताई, नंबर सांगा ना, नंबर.”

परदेशी बायकांना आणखी एक हौस असते, स्थानिक लोकरीची. “तुमच्या गावच्या मेंढ्यांची लोकर वापरता ना?” असं त्या आर्जवानं विचारतात. आमच्या गावात मेंढ्या नाहीत, रिक्षा आहेत. दुकानात लोकर म्हणून जे गुंडे मिळतात त्यांतले बहुतेक ॲक्रिलिकचे, त्यांचा मेंढीशी दुरूनही संबंध नाही. महाराष्ट्राची खरी लोकर दख्खनी मेंढीची. धनगर पिढ्यान्‌पिढ्या तिची घोंगडी करत आले, आणि पावसात त्या घोंगडीला तोड नाही. पण ती राठ असते. तिचं टोपडं विणलं तर बाळ पहिला शब्द ‘आई’ न म्हणता थेट ‘अगाई’ म्हणेल.

सीएंकडे गेले तेव्हा त्यांनी विचारलं, “उत्पादन काय करता?” म्हटलं, काही नाही. “मग सेवा देता?” तशी कुणाला देत नाही. “माल किती शिल्लक?” मी घरातल्या लोकरीच्या लड्यांचा विचार केला. दिवाणात, कपाटावर, पाहुण्यांच्या गादीखाली आणि जुन्या कुकरमध्ये एक लाल लडी. “तो कच्चा माल आहे की घरगुती वस्तू?” ते म्हणाले. नवऱ्यानं शेजारून उत्तर दिलं, “साहेब, ती जागेची समस्या आहे.” धंद्यात त्याचं भांडवल म्हणजे दोन मनगटं. लडीचा गुंडा करताना तो ती समोर धरून बसतो आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजतो.

राहिली गिऱ्हाइकांची पत्रं. त्यांतली बहुतेक एकाच वळणाची असतात. तुमचा पॅटर्न अप्रतिम आहे, मी तो लोकरीऐवजी सुतात केला, सुया वेगळ्या घेतल्या, बाह्या आवडत नाहीत म्हणून घातल्या नाहीत, कॉलर माझ्या मनाची लावली आणि तो फोटोसारखा झाला नाही, तरी काय चुकलं ते कळवावं. मी सगळ्यांना उत्तर देते. नम्र आणि लांब. या उत्तरांच्याही तासांचा हिशेब काकूंना दाखवायचा आहे, पण त्या म्हणतील, गप्पाच मारत होतीस ना?

आणि एक पत्र असं येतं की त्याला काय उत्तर द्यावं ते कळत नाही. “ताई, पॅटर्न फार्फार आवडला, आमच्या ग्रुपवर सगळ्या दोनशे जणींना पाठवलाय!” हे सहृदयतेनं, खाली हृदयाचं चित्र काढून लिहिलेलं असतं. ताई बिचारी दोनशे प्रतींचा गुणाकार करते. एका पॅटर्नची किंमत सहा-सात डॉलर असते, लोकरीच्या खर्चापुढे ती किरकोळच. लोकर मात्र कुणी ग्रुपवर पाठवू शकत नाही, म्हणून लोकरवाल्याचं भागतं.

तर वाचकहो, स्वेटर हवा असेल तर बाजारात जा, लुधियानाचे चांगले मिळतात आणि स्वस्तही. विणायला शिकायचं असेल तर खुशाल घरी या. चहा देईन, पहिले टाके घालून देईन, सुलट-उलट शिकवीन आणि त्याचे पैसे घेणार नाही. एखादा पॅटर्न आवडला तर मैत्रिणीला त्याचं नाव पाठवा, पीडीएफ पाठवू नका.