प्राध्यापकांना आकडा लागला

आमच्या मजल्यावरच्या अण्णांना आकड्याचा नाद आहे, ही काही बातमी नाही. गिरणी चालू होती तेव्हा ते पगारातून लावायचे. 1982 च्या संपात पगार थांबला तेव्हा उसने घेऊन लावायचे. आता गिरणीच्या जागी टॉवर उभा राहिलाय, तर त्याचे मजले मोजून लावतात. परवा वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. "भावोजी, तुम्ही पेपरात लिहिता. ह्यांना एखादा चांगला पिच्चर दाखवा. दारूवरचा पिच्चर बघून आमच्या धाकट्या भावानं बाटली सोडली होती."

"आठ दिवस," आतून अण्णांची दुरुस्ती आली.

मी जबाबदारी घेतली. जुगाराच्या व्यसनावर हॉलिवूडनं काढलेला, गंभीर म्हणवणारा चित्रपट शोधला : 'द गॅम्बलर', साल 2014, दिग्दर्शक रूपर्ट वायट, नायक मार्क वॉलबर्ग. या भूमिकेसाठी वॉलबर्गनं सुमारे 60 पौंड वजन घटवलं होतं, असं वाचलं आणि विश्वास बसला. एवढ्या उपासानंतर काहीतरी फळ मिळणारच. वहिनींनी कांदाभजी तळली, दिवे मालवले, आणि अण्णांच्या व्यसनमुक्तीला सुरुवात झाली.

नायक जिम बेनेट हा लॉस एंजेलिसमधला साहित्याचा प्राध्यापक. एका कोरियन अड्डेवाल्याचं त्याच्यावर 2,40,000 डॉलरचं देणं. मुदत सात दिवस. मग तो दुसऱ्या सावकाराकडून 50,000 घेतो आणि तेही उडवून तिसऱ्याच्या दारात जातो.

"म्हणजे ह्याची टोपी त्याला," अण्णा म्हणाले. "कळलं. पुढं?"

पुढे प्राध्यापक वर्गात जातात. तिथं शेक्सपिअरपासून सुरुवात करून ते विद्यार्थ्यांना सांगतात की तुम्ही सगळे सामान्य आहात, प्रतिभा फक्त एका मुलीकडे आहे. आपल्याकडे कुणी सर असं बोलले असते तर संध्याकाळपर्यंत पालक, संघटना आणि चौकशी समिती हजर झाली असती. इथं वर्ग शांत बसून ऐकतो. कारण नायक बोलतोय, आणि तो बोलायचा थांबतच नाही. अड्ड्यावर, सावकाराकडे, आईसमोर, मार खाऊन रक्त ओकतानाही. मला मध्येमध्ये भाषांतर करावं लागत होतं. त्यातही प्रत्येक वाक्यात एक शिवी, आणि वहिनी स्वयंपाकघराच्या दारात.

"आता काय म्हणतोय?"

"जगण्यात काही अर्थ नाही म्हणतोय, अण्णा."

"मग पैसे कशाला उसने घेतोय?"

पटकथाकार विल्यम मोनाहन यांना हा प्रश्न कुणी वेळेवर विचारायला हवा होता. त्यांचा नायक हरतो ते हरायचंच असतं म्हणून. दुःख कसलं नाही, आशाही नाही. अण्णांना ते पटेना. पन्नास वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी असा एकही लावणारा पाहिला नव्हता. "आज येणार" असं वाटत नसेल तर माणूस दुकानाची पायरी चढेलच कशाला? मटक्यात आधी ओपन निघायचा, मग क्लोज; दोन्ही वेळा दहा आकड्यांतला एक यायचा आणि आला तर एकाला नऊ मिळायचे, हा हिशोब गिरणीतल्या पोरालाही पाठ होता. तरी तो लावायचा, कारण आज हिशोब बाजूला सरणार अशी त्याची खात्री असायची. ती खात्री हेच व्यसन. प्राध्यापकांकडे खात्रीऐवजी तत्त्वज्ञान आहे.

चित्रपटात एकच शहाणा माणूस आहे : तिसरा सावकार फ्रँक. हे काम जॉन गुडमननं केलंय. वाफेच्या खोलीत उघडाबंब बसून तो नायकाला समजावतो की, हातात अडीच दशलक्ष आले तर एक भक्कम घर घ्यावं, न बिघडणारी जपानी गाडी घ्यावी, उरलेलं व्याजावर टाकावं आणि मग जगात कुणाला भीक घालू नये. वेळ पडली तर हात-पाय तोडणारा गुंड, आणि सल्ला थेट आपल्या पोस्टातल्या एजंटबाईंचा! फ्लॅट, मारुती, एफडी. दादरपासून डोंबिवलीपर्यंत प्रत्येक बापानं मुलाला हेच सांगितलंय, फरक एवढाच की बनियन घालून. त्या प्रसंगात अण्णांनी भजीची बशी खाली ठेवली. "हा माणूस बरोबर बोलतोय," म्हणाले. वहिनींच्या चेहऱ्यावर आशा दिसली. तेवढीच.

मग आई येते. जेसिका लँगसारखी नटी मिळाली आणि तिला काम काय दिलं? बँकेत जाऊन रोकड काढून मुलाला द्यायचं! ती चिडते, रडते, पण तिच्या घरातला एक दिवाही त्यामुळे मंद होत नाही. इथं अण्णांच्या पोटातली भजी आणि माझ्या मनातली शंका एकदमच वर आली. या गोष्टीत कुणाचं काही जातच नाही! बायको नाही, मूल नाही, गहाण पडलेलं काही नाही. कर्ज वाढतं तसा नायक वाळत जातो. आमच्याकडे उलट असतं : कर्ज वाढतं तसे घरातले वाळतात, आणि लावणारा नाक्यावर वडापाव खाऊन घरी येऊन "भूक नाही" म्हणतो.

हे दाखवायला हॉलिवूडचा खर्चही लागत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अक्षसूक्त आहे. अवघ्या 14 ऋचा. त्यात बेहड्याचे फासे आहेत, तोंड फिरवलेली बायको आहे, तिरस्कार करणारी सासू आहे, आणि "हा आमचा कोणी नव्हे, बांधून न्या" म्हणणारे आई-बाप आणि भाऊ आहेत. घेणेकऱ्यांच्या भीतीनं रात्री दुसऱ्याच्या दारी जाणारा जुगारी आहे. फाशांकडे जायचं नाही असं ठरवूनही त्यांचा आवाज ऐकताच धावणारा तो आहेच. वॉलबर्गचं वाफारलेलं तत्त्वज्ञान 111 मिनिटं चालतं. इथं चौदा ऋचांत सगळं घर उभं राहतं आणि कोसळतंही. शेवटी त्याला सल्ला मिळतो की फासे सोड आणि शेती कर. हा सल्ला आपण इतका मनावर घेतला की 2025 च्या जुलैत विधान परिषदेत चक्क कृषिमंत्र्यांच्याच मोबाइलवर पत्ते दिसले. ते खेळत नव्हते, समोर आलेला खेळ बंद करत होते, असा खुलासा झाला. मग त्यांना क्रीडा खातं मिळालं. वैदिक ऋषींना ही सोय सुचली नव्हती.

बरं, ज्याच्या कादंबरीचं नाव या चित्रपटानं वारशानं मिरवलं, तो दस्तयेवस्की तरी काय करत होता? 1866 मध्ये प्रकाशकाच्या कराराच्या फासातून मान सोडवायला त्यानं 'जुगारी' ही कादंबरी महिन्याच्या आत सांगून लिहून घेतली. लिहून घेणाऱ्या ॲनाशी पुढच्याच वर्षी लग्न केलं, आणि बाडेन-बाडेनला तिची कर्णफुलं नि अंगठी गहाण टाकली. कादंबरीला वजन येतं ते असल्या कर्णफुलांचं. नटाचे 60 पौंड गेले म्हणून ते येत नाही.

याच नावाचा पहिला चित्रपट 1974 चा. दिग्दर्शक कॅरेल राइस, नायक जेम्स कान, शहर न्यू यॉर्क, कर्ज 44,000 डॉलर. नव्या चित्रपटानं ही रक्कम साधारण महागाईच्या प्रमाणात वाढवली, तेवढा एक हिशोब मानायला हवा. बाकी जुन्यातलं जे मोलाचं होतं ते नेमकं वगळलं. जुना नायक कर्जातून मोकळा होतो आणि तडक नवा धोका शोधायला निघतो. चेहऱ्यावर सुरीचा वार घेऊन आरशात स्वतःकडे बघतो. देणं फिटतं, नाद फिटत नाही. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

नवे प्राध्यापक काय करतात? आधी आपल्याच वर्गातल्या बास्केटबॉलपटूला सामना थोड्याच गुणांनी जिंकायला लावतात, ही गुरुदक्षिणा. मग जमवलेले सगळे पैसे रूलेटमध्ये काळ्यावर. अमेरिकन चाकावर 38 घरं, त्यातली काळी 18. म्हणजे शंभरात साधारण 47 वेळा यायचं. चाक फिरतं. गोळी उड्या मारते.

अण्णा खुर्चीच्या टोकाला आले होते.

काळा!

सगळी देणी फिटतात. प्राध्यापक एकही डॉलर न ठेवता पहाटेच्या लॉस एंजेलिसमधून धावत सुटतात, थेट त्या प्रतिभावान विद्यार्थिनीच्या दारापर्यंत. म्हणजे जुगाराच्या व्यसनावर उतारा काय? शेवटचा एक मोठा डाव, आणि तो लागणं. जगातला प्रत्येक जुगारी रोज रात्री उशाशी घेऊन झोपतो ते हेच स्वप्न. प्रत्येक अड्ड्याची जाहिरातही हीच. फक्त जाहिरात अर्ध्या मिनिटात संपते.

मी दिवे लावले. वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बशा उचलायला लागलो.

अण्णा मात्र प्रसन्न होते. "चांगला पिच्चर आहे रे," म्हणाले. "माणसानं धीर सोडू नये. शेवटी लागतोच."

"पण अण्णा, त्यानं जुगार सोडला. म्हणून तर धावतोय."

अण्णांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. पायात चप्पल सरकवत म्हणाले, "खुळा आहेस. ओपन लागलाय त्याचा. क्लोज लावायला धावतोय."

आणि ते जिन्यावरून दुडक्या चालीनं खाली उतरले.