परक्या गावचा पातेरा

मी कोकणातली. पातेरा दिसला की माझा हात आपोआप खराट्याकडे जातो. थंडी सरताना आंब्याफणसाखालचा पातेरा झाडायचा, थोडा गोठ्यात पसरायचा, थोडा कलमांच्या अळ्यात टाकायचा आणि उरलेला भाजावळीला, म्हणजे शेतजमीन भाजायला, न्यायचा. पान गळायच्या आधीच त्याची वाटणी ठरलेली.

म्हणून लेकीकडे न्यू मेक्सिकोत, अल्बुकर्कीला गेले आणि रिओ ग्रांदेच्या काठच्या रानात पहिलं पाऊल टाकलं, तेव्हा लाजच वाटली. इतका पसारा! कॉटनवूडची पानं, पिंपळासारखी सळसळणारी, आता वाळून घोट्यापर्यंत साचलेली, कित्येक वर्षांची. या रानाला तिथे ‘बोस्के’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ नुसता ‘रान’. वर्षाचा पाऊस पंचवीस सेंटिमीटरसुद्धा नाही. एवढा आमच्याकडे आषाढ दोन दिवसांत उडवून टाकतो.

‘‘इथे झाडायला कुणी येत नाही का गं?’’ मी नातीला विचारलं.

‘‘नदी यायची, आजी. आता येत नाही.’’

आमच्या कामवाल्या मावशींबद्दल सांगावं, तसं तिने सांगितलं.

पूर्वी डोंगरावरचं बर्फ वितळलं की मे-जूनमध्ये नदी काठ सोडून रानात शिरायची. 1941च्या पुराची आठवण तर जुनी माणसं अजून काढतात. मग बांध झाले, आणि 1973पासून वरच्या अंगाच्या कोचिटी धरणाने पाणी धरलं. गावाची झोप सुखाची झाली, यात शंका नाही. धरणाला नावं ठेवणारी मी कोण? पण पातेऱ्याचं काम अडून बसलं.

मला वाटलं होतं, नदी पानं वाहून नेत असेल. थोडी नेतही असेल. पण तिचं खरं काम भिजत घालायचं. पान ओलं झालं की बुरशी लागते, किडे लागतात, त्याची माती होते. कोरडं पान कितीही वर्षं तसंच. आपल्याकडे घोंगडं भिजत पडल्याची तक्रार असते. इथे ते भिजतच नाही, ही तक्रार.

तिथल्या विद्यापीठातल्या लोकांनी 1990च्या दशकात याच नदीकाठच्या बोस्के देल अपाचे अभयारण्यात रानाचा एक तुकडा लागोपाठ काही उन्हाळे मुद्दाम पाण्याखाली ठेवला. पातेरा जोमाने कुजू लागला. शिवाय तिथले मूळचे रातकिडे फोफावले, आणि युरोपातून आलेला, हात लावताच गोळी होऊन बसणारा रोली-पोली मागे पडला. तो म्हणे किडा नव्हेच, खेकड्याझिंग्यांच्या नात्यातला. कोकणी माणसाला तेवढ्यावर आपुलकी वाटते. तरी मी रातकिड्यांच्याच बाजूने.

न भिजलेल्या पातेऱ्याला ठिणगी पुरते. 2003च्या जूनमध्ये शहरालगतचं हे रान पेटलं. मग मेलेली लाकडं, दाट झुडपं माणसांनी हाताने काढायला घेतली. आणखी एक गंमत आहे, तशी दुःखाचीच. जूनमध्ये कॉटनवूडचा सावरीसारखा कापूस रानभर उडतो, पण त्यातल्या बीला उघडा, ओला चिखल हवा. ते पडतं आईच्याच वाळक्या पानांवर, आणि तिथेच वाळून जातं. म्हाताऱ्या झाडांखाली पोरं दिसत नाहीत ती म्हणून.

1996पासून तिथली शाळकरी मुलं दर महिन्याला झडत्या पानांचा हिशेब ठेवायला रानात ठेवलेल्या टबांतली पानं गोळा करतात, वाळवतात, निवडतात, तोलतात. पानं वेगळी, काटक्या वेगळ्या, बिया वेगळ्या. नातीच्या तुकडीबरोबर एकदा मीही गेले. तांदूळ निवडून वय गेलेल्या बाईला हे काम लगेच साधलं.

परतताना राहवेना. एका कॉटनवूडखाली पाण्याची बाटली हळूच पानांवर ओतली. नुसती आपली एक वाटी नदी.

मागून किंकाळी आली, ‘‘आजी! टबात नाही ना पडलं?’’