गच्चीवरचं बंड, अध्यक्षांची सही

अहो, ऐकलंत का? सी विंगच्या गच्चीवर पुन्हा शूटिंग आहे. म्हणजे रविवारी कुरडया नाहीत, चादरी नाहीत, गाद्यांना ऊन नाही. पाण्याच्या टाकीला टेकून एक केसाळ मुलगा उभा राहणार आणि दुसरा केसाळ मुलगा कॅमेऱ्यामागून त्याला सांगणार, "आतून तुटल्यासारखा बघ." तो बघतोही छान. बघेल नाही तर काय? जन्मात पहिल्यांदा पहाटे पाचला उठलाय.

पूर्वी पोरं बिघडायची त्यालाही काही रीत होती. चोरून सिगरेट ओढायची, कॅरमवर पैसे लावायची, फारच झालं तर रजिस्टर लग्न करून पेढे घेऊन यायची. आता म्युझिक व्हिडिओ करतात. तोही कुणाचा? नावाजलेल्या गायकाचा असता तर चार लोकांत सांगता तरी आलं असतं. पण नाही. ज्याला एकाही म्युझिक कंपनीने अजून दारात उभं केलेलं नाही आणि ज्याचे नियमित श्रोते म्हणजे वाजवणाऱ्यांच्या आया, अशा बँडचा. बँडचं नाव छापत नाही. त्यात एक भाजी आहे, भूमितीतली एक आकृती आहे आणि मधेच, काहीही संपलेलं नसताना, पूर्णविराम आहे.

असलाच बँड का धरतात, यामागे मात्र पक्कं डोकं आहे हं. कॉलेजात मास मीडियाला प्रोजेक्ट म्हणून व्हिडिओ करायचा असतो. गाजलेलं गाणं घेतलं तर त्याचे हक्क कंपनीकडे. कंपनी या पोरांच्या ईमेलला उत्तर देणार नाही आणि व्हिडिओ यूट्यूबवर चढवला की तिथली यंत्रणा गाणं ओळखून आपणहून दावा ठोकणार. अनसाइन्ड, म्हणजे कुठल्याच कंपनीशी करार नसलेल्या बँडचं तसं नसतं. गीतकार, संगीतकार, गायक आणि निर्माता एकाच टपरीवर सापडतात, अर्ध्या चहात परवानगी मिळते. हुशार मुलं तीसुद्धा कागदावर सहीनिशी घेतात. बँड फुटतात हो. आणि फुटल्यावर ड्रमरला एकाएकी व्हिडिओतला आपला चेहरा परत हवा असतो.

बरं, या खुळाबद्दल विलायतेला नावं ठेवावीत तर तीही सोय नाही. १९७५ साली क्वीन या बँडने 'बोहेमियन ऱ्हाप्सोडी'चा व्हिडिओ लंडनजवळ एल्स्ट्रीला काही तासांत उरकला. एका चेहऱ्याचे अनेक चेहरे वगैरे ज्या करामती दिसतात, त्या चित्रीकरण चालू असतानाच केलेल्या. गाणं आलं की मागोमाग त्याचं चित्र यायलाच हवं, ही चटक तिथून लागली असं जाणकार सांगतात. आता त्या व्हिडिओत अंधारातून वर बघणारा त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी शिकला कुठे? पाचगणीला! घरचं नाव फारुख बुलसारा, शाळा सेंट पीटर्स, आणि तिथेच १९५८ च्या सुमारास पोरापोरांनी काढलेला 'द हेक्टिक्स' नावाचा बँड. तोही अनसाइन्डच. आम्ही इतकी वर्षं पाचगणीहून निमूटपणे जॅम आणत राहिलो.

पुढचं पाप आईबापांचं आहे. अमेरिकेत एमटीव्ही १ ऑगस्ट १९८१ ला सुरू झालं, आपल्याकडे केबलवाल्याने ते यथावकाश घरात सोडलं. १९९५ साली 'मेड इन इंडिया' या गाण्याच्या व्हिडिओत लाकडी पेटीतून मिलिंद सोमण बाहेर आला तेव्हा टीव्हीसमोरून कोण उठत नव्हतं, ते मला विचारा. आज त्याच बायका "माझा मुलगा अभ्यास सोडून व्हिडिओ करतो" म्हणून डोळ्याला पदर लावतात. त्याच वर्षी मुंबईच्या इंडस क्रीड या बँडने 'ट्रॅप्ड'च्या व्हिडिओसाठी एमटीव्हीचं पारितोषिक मिळवलं होतं, हे मात्र कुणाच्या लक्षात नाही. मग 'गारवा'ची गाणी आली आणि अख्खा मध्यमवर्ग पावसाळाभर खिडकीच्या गजांना धरून उभा राहिला. मुलांनी हे सगळं घरातूनच उचललंय.

पण खरी भानगड याहून मोठी आहे, जरा जवळ या. ही पोरं कामं करतात. कागदावर! नियोजन करून! गाण्याचा विषय काय, तर घड्याळाचं लोढणं फेकून द्या, चौकटी मोडा, कुणाच्या परवानगीची वाट पाहू नका. आणि त्या गाण्यासाठी माझ्या दाराखालून जे पत्रक सरकवलं त्यावर लिहिलेलं: ५:३० हजर, ६:१० पहिला शॉट, ८:०० पोहे, ८:२० वाद्यांसह दुसरा सेटअप. सोबत सोसायटीच्या अध्यक्षांच्या परवानगीची झेरॉक्स, तीन अटींसकट: सोलर पॅनेलला हात लावू नये, टाकीवर चढू नये, लिफ्टमधून ड्रम नेऊ नयेत. बंडखोर सहा मजले ड्रम डोक्यावर घेऊन चढले.

हिशोब तर ऐका. गाणं तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं. सरासरी तीन सेकंदाला एक चित्र बदलायचं म्हटलं तर सत्तरेक शॉट लागतात. ते आधी वहीत काढायचे: काडीचा माणूस, काडीची गिटार, बाणाने कॅमेऱ्याची दिशा. मग मोबाइलवर त्याच चित्रांचे फोटो गाण्याला लावून बघायचे. इथेच कळतं की मधल्या सोलोला दाखवायला आपल्याकडे काहीच नाही. जे हे कळून घेत नाहीत, त्यांना ते एडिटिंगच्या रात्री कळतं, आणि मग सोलोभर कबुतरं उडतात. मराठी इंडी व्हिडिओंत इतकी कबुतरं का असतात याचं रहस्य हे.

कल्पनांबद्दल मी बोलणार नव्हते. पण ती मुलगी का पळते, हे मला एकदा कुणीतरी सांगा. गाणं एकटेपणावर असो, नाहीतर शहरीकरणावर, एक मुलगी पळतेच. पिवळी छत्री घेऊन पळते. शेवटी थांबते, वळते, आरसा फुटतो. दिग्दर्शकाला विचारलं तर म्हणाला, "काकू, ते इंटरप्रिटेशनवर आहे." आमच्या वेळी याला गोष्ट सुचली नाही असं म्हणत.

आता सगळ्यात मोठा खुलासा: हे लोक वाजवत नाहीत! मी डोळ्यांनी पाहिलं. गिटारची वायर कुठेच जोडलेली नव्हती, झांजांवर टॉवेल घातला होता आणि त्या टॉवेलवर ड्रमर घाम गाळून मारत होता. स्पीकरवर आधीच रेकॉर्ड केलेलं गाणं चालू, आणि सगळे त्यावर हातवारे करतात. झांजा खरोखर वाजल्या तर गाणंच ऐकू येणार नाही, म्हणून टॉवेल. कॅमेऱ्याचा माइक तेच स्पीकरवरचं गाणं टिपत राहतो आणि नंतर त्या खुणेने मूळ गाणं चित्राला जुळवतात. यासाठी गाणं आधी पक्कं व्हायला लागतं. शूटिंग झाल्यावर "थोडं फास्ट केलंय, मजा येते" असा निरोप पाठवणाऱ्या गायकाला या मंडळींत काय म्हणतात ते मी लिहू शकत नाही.

आणि हेच गाणं पुन्हा पुन्हा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकदा लांबून सगळे, एकदा गायकाचा चेहरा, एकदा बोटं, एकदा ड्रम. बेसवाल्याची वेळ येईपर्यंत ऊन कडक होतं, म्हणून कुठल्याही व्हिडिओत बेसवाला घाईतच दिसतो. आमच्या दूधवाल्याला दोन्ही कडवी पाठ आहेत. बँडमधल्या कीबोर्डवाल्याला नाहीत.

त्यातही भुताटकीचा प्रकार म्हणजे स्लो मोशन. कॅमेरा सेकंदाला ५० चित्रं घेतो, दाखवताना ती २५ च्या गतीने दाखवतात, म्हणून केस हवेत सावकाश तरंगतात. पण ओठ तर गाण्याशी जुळायला हवेत! मग काय करतात, तर शूटिंगच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने लावतात आणि गायक त्या वेगाने गातो. विरहाचं गाणं, चिपमंकच्या आवाजात, आणि खाली उभा तो दीर्घ दुःखी चेहऱ्याचा मुलगा ओठ मशीनसारखे हलवतोय. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी खरोखर मीठमोहऱ्या आणल्या होत्या. पडद्यावर तो शॉट इतका सुंदर दिसला की मला रागच आला.

२५ च का, हेही विचारून घेतलं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिच्याशी २५ जुळतं. मोबाइल आपल्या मनाने सेकंदाला ३० चित्रं घेतो आणि काही ट्यूबलाइटखाली मग पट्टे सरकताना दिसतात. वायरमनला नसलेलं हे ज्ञान बी.ए.च्या मुलाला आहे आणि त्याच्या हॉस्टेलच्या खोलीतला दिवा महिनाभर बंद आहे.

गच्ची सोडून बाहेर पडलं की पुणं भेटतं. वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीत पहाटेचा उजेड फार गोड असतो, म्हणून सगळे तिथे जातात. तिथे सेन्सॉर बोर्ड रोज पायी येतं, कानटोपी घालून. "कुठल्या कॉलेजचे?" "हे मराठी गाणं आहे का?" "मग शब्द का कळत नाहीत?" इतकं झाल्यावर ते कॅमेऱ्यासमोर उभं राहून टेकडीचा इतिहास सांगतं आणि तेवढ्यात सूर्य वर येतो. शनिवारवाडा पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत. तिथे तिपाई उघडायची तरी परवानगी काढा. लाल महालात २०२२ साली लावणीवर रील काढलं म्हणून गुन्हा दाखल झाला होता, तेव्हापासून पेठांमध्ये नुसता मोबाइल आडवा धरला तरी चौघं वळून बघतात.

ड्रोनचं तर नावच काढू नका. २०२१ च्या नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' ठरतो आणि त्याला सवलती आहेत, आणि बाजारात नेमके २४९ ग्रॅमचे ड्रोन. परदेशी ड्रोनच्या आयातीवर २०२२ च्या फेब्रुवारीपासून बंदी, तरी प्रत्येक मंगल कार्यालयावर एक घोंघावत असतो. तो कुठून येतो हे विचारणं असभ्य समजतात. इथे एका बाजूला लोहगावचा हवाई दलाचा तळ, दुसऱ्या बाजूला खडकवासल्याची एनडीए. कुठे उडवायचा, हे नकाशा पाहूनच ठरवावं लागतं. आमच्या पोरांनी शेवटी कॅमेरा बांबूला बांधला आणि तो बांबू मांडवाचा होता. प्रकाश उजळायला पांढरा थर्माकोल लागतो. तो २०१८ च्या बंदीनंतर माझ्याच माळ्यावर पडून राहिलेल्या मखराचा. मागच्या बाजूला मूषकाचं शेपूट अजून दिसतं. धुरासाठी लग्नात नवरानवरी ढगातून आणणाऱ्या माणसाचं यंत्र, तेही त्याला सायंकाळच्या मुहूर्ताआधी परत हवं होतं.

काही शहाणे म्हणतात, आम्ही एकाच टेकमध्ये करणार, मग एडिटिंगच नाही. दाखला कुणाचा? ओके गो या बँडचा, २००६ सालचा, आठ ट्रेडमिलवरचा. व्हिडिओ घरगुती दिसतो, ग्रॅमी मिळालं, म्हणून यांना वाटतं आपणही जिममध्ये जावं. अहो, एक टेक म्हणजे शेवटच्या सेकंदाला कुणी शिंकला की पहिल्यापासून! जिममालकाने दुपारच्या एक तासाचीच परवानगी दिली होती. त्या तासातून निष्पन्न झालं ते इतकंच की बेसवाल्याचा गुडघा अजून दुखतो. ज्यांना तालीम करायचा कंटाळा, त्यांनी सत्तर तुकडेच करावेत, ते स्वस्त पडतात.

या सगळ्यात अभिनय कुणी केला म्हणाल, तर पहिल्या मजल्यावरच्या त्याच आजींनी. त्यांना फक्त खिडकीतून बघायचं होतं. त्यांनी आधी संमतीपत्र चष्मा लावून ओळ न ओळ वाचलं, "कुठल्याही माध्यमात, कायमस्वरूपी" यापुढे पेनने "पण टूथपेस्टच्या जाहिरातीत नाही" असं लिहिलं आणि मग सही केली. पहिल्या टेकला ओके. गायकाचे नऊ झाले होते.

पैशाचं विचाराल तर मिळकत शून्य. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला साधारण एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं जाणं लागतं. स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षात एक हजार वेळा ऐकलं गेल्याशिवाय एका गाण्याचा पैसा निघत नाही. म्हणजे वर्गणी काढायची, पोहे करायचे, ड्रम उचलायचे, अर्ज लिहायचे, आणि मिळणार काय, तर प्रोजेक्टला बी प्लस. याच मुलांना आपण रेशन कार्डाच्या कामाला पाठवतो तेव्हा "नेट नाही" म्हणून परत येतात!

आणि आता ताजी बातमी, माझं नाव सांगू नका. आमचे अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर. गच्चीचं ते वेळापत्रक त्यांनी लाल पेनने तपासून परत पाठवलं: "सूर्य टाकीमागून येतो. ७:२० पर्यंत या कोपऱ्यात सावली. क्रम बदला." पोरांनी बदलला. तेव्हापासून ते शिट्टी आणि कंपास घेऊन वर जातात, लिफ्टची अट मागे घेतलीय, आणि कार्यकारिणीच्या बैठकीत "गोल्डन अवर" हा शब्द दोनदा वापरला. त्यांच्या सौ. मला म्हणाल्या, "शोभतं का हे या वयात?" मी म्हटलं, नाहीच शोभत. रविवारी दुसऱ्या गाण्याचं शूटिंग आहे, त्यात हळदीकुंकवाचा सीन आहे म्हणे, आणि सौ.नी शनिवारची पार्लरची वेळ घेतलीय. माझ्या आधीची.