राइट-क्लिक बंद आहे!

संकेतस्थळावर राइट-क्लिक केलं की दटावणी येते: 'कोड चोरू नका.' अहो, पान दिसावं म्हणून तो कोड तुम्हीच ब्राउझरला घरपोच दिलाय! एफ-१२ दाबा, सगळं उघडं. पण अमेरिकेतल्या मिझुरी राज्याचे तत्कालीन गव्हर्नर माइक पार्सन यांची तऱ्हाच न्यारी. २०२१ मध्ये सरकारी संकेतस्थळाच्या एचटीएमएलमध्ये शिक्षकांचे सोशल सिक्युरिटी नंबर पडलेले एका बातमीदाराला दिसले. त्यानं आधी खात्याला कळवलं. दुरुस्ती होईपर्यंत वृत्तपत्रानं बातमीही रोखली. बक्षीस काय? साहेबांनी त्यालाच हॅकर ठरवलं, वर खटल्याची धमकी. गुन्हा एवढाच, की सरकारनं पाठवलेलं पान त्यानं नीट वाचलं. (सरकारी कागद नीट वाचणारा माणूस संशयास्पदच म्हणा.) महामार्ग पोलिसांनी रीतसर तपास केला. २०२२ च्या फेब्रुवारीत सरकारी वकिलानं खटला भरायला नकार दिला.