आणि आई कुठे बसणार?

कोथरूडच्या एका सोसायटीत गुढीपाडव्याच्या पानावर एक घोषणा झाली. वय वर्षं बावन्न, चाकणच्या कारखान्यात वरचा हुद्दा, मुलगा नोकरीला लागलेला, फ्लॅटचे हप्ते फिटलेले, असे आमचे चरित्रनायक श्रीखंडाची वाटी बाजूला सारून म्हणाले, "मी स्पोर्ट्स कार घ्यायची म्हणतोय. दोन सीटची. टप उघडणारी."

पंगतीत शांतता पसरली. मग ऐंशीला टेकलेल्या मातोश्रींनी पुरी मोडता मोडता विचारलं, "आणि मी कुठे बसायचं?"

भारतात दोन सीटांची मोटार विकायला निघालेल्या प्रत्येकाला हा प्रश्न आडवा गेलेला आहे. इथे गाडी अश्वशक्तीवर मोजत नाहीत, माणसांवर मोजतात. पाच सीटा म्हणजे मोठी माणसं पाच, मांडीवरची दोन आणि डिकीत मुंजीची भांडी. ज्या घरात 'आपण सगळे मावू ना?' हा खरेदीतला पहिला प्रश्न असतो, तिथे 'फक्त दोघं' म्हणणारी गाडी ही मोटार राहत नाही, भाऊबंदकीची नोटीस होते.

खुद्द टाटांनाही याचं उत्तर सापडलं नाही. २००० साली टाटा मोटर्सने 'आरिया' नावाची रोडस्टर दाखवली, पुढच्या वर्षी तिचीच कूपे आणली. लोकांनी माना डोलावल्या, फोटो काढले. गाडी काही बाजारात आली नाही. नाव मात्र आलं. २०१० मध्ये 'आरिया' रस्त्यावर उतरली तेव्हा तिच्यात सात जणांची सोय होती. दहा वर्षांत पाच सीटा वाढल्या, म्हणजे सरासरी दर दोन वर्षांनी एक नातेवाईक. २०१७ ला टाटांनी जिनिव्हाच्या प्रदर्शनात पुन्हा हात पोळून घेतला. गाडीचं नाव 'रेसमो', दोन सीटा, १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १९० अश्वशक्ती, शंभरचा वेग सहा सेकंदांच्या आत. टाळ्या पडल्या आणि प्रकल्प गुंडाळला गेला. या वेळी निदान नाव तरी वऱ्हाडाच्या गाडीला दिलं नाही.

धाडस केलं ते गोव्याने. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिथे 'सॅन स्टॉर्म' नावाची छोटी रोडस्टर तयार होऊ लागली. अंग फायबरग्लासचं, म्हणजे खाऱ्या हवेत गंजायची चिंता नाही. इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी, साठ अश्वशक्तीचं. नाव वादळाचं असलं तरी वाऱ्याची झुळूकच ती. आजच्या अल्टो के-टेनचं इंजिनही तिच्याहून थोडं जोरकस निघेल. पण टप उघडत होता, दारं दोनच होती आणि मिरामारच्या किनाऱ्यावरून जाताना साठचं सहाशे वाटायला कुणाची हरकत नव्हती. एवढं सगळं असून ती दिसायची क्वचितच. जिला बघायला गल्ली गोळा होते तिला घ्यायला कुणी पुढे येत नाही, हा अनुभव गाडीच्या बाबतीतही खरा ठरला.

मग आली 'अवंती'. मुंबईचे दिलीप छाब्रिया यांनी २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती सादर केली. इंजिन सीटांच्या मागे, दोन लिटरचं, टर्बो, पुन्हा रेनॉचंच. देशी स्पोर्ट्स कारला काळीज मात्र दोन्ही खेपेला फ्रान्सहून आणावं लागलं. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी छाब्रियांना अटक केली. एकाच इंजिन-चासी क्रमांकावर दोन गाड्यांची नोंदणी, एकाच गाडीवर अनेक कर्जं, असे आरोप त्यांच्यावर ठेवले गेले. आरोपांचा निवाडा हे न्यायालयाचं काम. मोटारवेड्यांना धक्का वेगळ्याच गोष्टीचा बसला: आयुष्यात एखादी अवंती दिसली तर दिसली म्हणायचं, तिथे म्हणे एका क्रमांकाच्या दोन!

चरित्रनायकांचं मन मात्र देशी गाडीत नव्हतंच. ते अडकलं होतं माझदाच्या मियाटामध्ये, म्हणजे एमएक्स-फाइव्हमध्ये. सेकंडहँड रोडस्टरचं वेड लागलेला जगातला कुठलाही माणूस शेवटी याच घाटावर पाणी प्यायला येतो. ब्रिटिशांच्या जुन्या रोडस्टर दिसायला देखण्या, पण पावसात गळायच्या आणि उन्हात तेल सांडायच्या. १९८० मध्ये त्यांतल्या एमजीबीचं उत्पादन थांबलं आणि तो सगळा प्रकारच मावळत चालला. बॉब हॉल नावाच्या अमेरिकी मोटार-पत्रकाराने माझदाच्या मंडळींच्या डोक्यात भरवलं, की तीच मजा द्या, पण सकाळी चावी फिरवल्यावर सुरू होणारी द्या. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती गाडी उभी राहिली. १.६ लिटर, ११६ अश्वशक्ती, वजन एक टनाच्या आत, अमेरिकेतली किंमत १३,८०० डॉलर. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी मियाटा कारखान्यातून बाहेर पडली. दोन सीटांच्या स्पोर्ट्स कारमध्ये खपाचा विक्रम तिच्याच नावावर आहे. तिच्या कर्त्यांचं ब्रीद 'जिनबा इत्ताई', स्वार आणि घोडा एकजीव. आपल्याकडे याला मांड म्हणतात, आणि ती पक्की बसायला पूर्वी घोडा लागायचा, आता हप्ते लागतात.

ही गाडी भारतात कंपनीने कधी विकलीच नाही. मग जुनी मागवावी? चरित्रनायकांनी दोन रात्री जागून आयातीचे नियम वाचले. वापरलेली मोटार देशात आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही. दुसऱ्या टोकाला विंटेजची वाट आहे. पूर्वी त्यासाठी गाडी १९५० च्या आधीची असावी लागे, २०२५ पासून पन्नास वर्षं उलटलेली चालते. म्हणजे तीन वर्षांच्या आतलं बाळ या, नाहीतर पन्नाशी ओलांडलेले आजोबा या. मधल्या वयाच्या कुणालाही सरकार दारात उभं करत नाही. बावन्नाव्या वर्षी हा नियम वाचताना नायकांना तो गाडीबद्दल आहे असं वाटलं नाही. १९८९ ची मियाटा २०३९ मध्ये या नियमात बसेल, असं त्यांनी डायरीत लिहून ठेवलं. गुडघे तोवर कशात बसतील, ते लिहिलं नाही.

नव्या गाडीचा पर्यायही समोर होता. जुलै २०२५ मध्ये एमजीने विजेवर चालणारी 'सायबरस्टर' भारतात आणली. किंमत ७४.९९ लाख, ५१० अश्वशक्ती, शून्यावरून शंभर ३.२ सेकंदांत. ज्या घराण्याने एकेकाळी हलक्या, फाटक्या, हसऱ्या रोडस्टर केल्या त्याच नावाची ही गाडी आता चिनी मालकीत, वजनाला जवळपास दोन टन, म्हणजे दोन मियाटांच्या भारंभार. दारं वर उघडतात, पक्ष्याच्या पंखासारखी. सोसायटीच्या पार्किंगची कमाल उंची सेक्रेटरींनी टेपने मोजून दाखवली आणि पंख पूर्ण पसरण्याआधी अग्निशमनाच्या पाइपाला लागतील, असं लेखी कळवलं. शिवाय हिशेबही जुळेना. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाची लांबी साधारण ९४ किलोमीटर, सपाटीवर मर्यादा शंभरची, घाटात साठची, वरून कॅमेरे. ३.२ सेकंदांत शंभर गाठले. पुढचा तासभर करायचं काय? मागे वळून नातेवाइकांशी गप्पा माराव्यात, तर मागे सीटच नाही.

राहिला सेकंडहँडचा बाजार. तिथल्या भाषेला स्वतंत्र शब्दकोश लागतो. 'डॉक्टरांची गाडी' म्हणजे कुणाचीही. 'सिंगल हँड' म्हणजे विकणाऱ्याचा एकच हात दिसतो आहे, दुसरा मागे आहे. 'फक्त रविवारी चालवली' हे मात्र बहुतेक खरं असतं, आणि तेच घातक. उभ्या गाडीची रबरं वाळतात, बॅटरी बसते, टायर कडक होतात. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. मीटरवर बारा हजार किलोमीटर आणि टायरवर बारा वर्षं, असं स्थळ असेल तर पत्रिका परत करावी. बीएमडब्ल्यूच्या पहिल्या झेड-फोरमध्ये टप उचलणारी हायड्रॉलिक मोटर अशा जागी बसवली होती, की पाणी जायच्या नळ्यांत पानं अडकली की ती बुडते. म्हणजे पाऊस आला की टप लावायचा, आणि पावसानेच मोटर गेली की टप लागत नाही. पोर्शच्या सुरुवातीच्या बॉक्स्टरमध्ये एका आतल्या दांड्याचं बेअरिंग कुप्रसिद्ध आहे. वस्तू मुठीएवढी, गेली की अख्खं इंजिन सोबत नेते. स्वस्तातली महाग गाडी आणि महागातली स्वस्त गाडी यात फरक फक्त पहिल्या सर्व्हिसपर्यंत असतो.

तरीही श्रावण लागायच्या आत एक लाल, जर्मन, दोन-सीटी, चौथ्या मालकाची गाडी कोथरूडला आली. तिचं नाव इथे घेत नाही. तिला स्वतःलाच ते आठवत असेल की नाही शंका आहे. पसंतीचा क्रमांक घ्यायचा विचार नायकांनी सोडून दिला, कारण पुण्यात चारचाकीसाठी ०००१ हवा तर सरकारचा दर सहा लाखांचा. तेवढ्यात सौ.ना एक अख्खी हॅचबॅक आली असती, आणि ती त्यांनी तिथल्या तिथे मागितलीही.

पूजा झाली. चाकाखाली लिंबू ठेवलं तर ते पुढच्या बंपरलाच टेकलं. लिंबू-मिरची पुढे लटकवली ती पहिल्याच गतिरोधकावर खरवडून निघाली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुस्तकातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. तो पुस्तकातच असतो. सोसायटीतला गतिरोधक एका रात्री स्थानिक कार्यकर्त्याने उरलेल्या डांबरातून उभा केलेला, स्वयंभू. नव्या स्विफ्टच्या पोटाखाली १६३ मिलिमीटर जागा असते, ती बेफिकीर जाते. नायकांची गाडी त्या उंचवट्यावर आधी तिरकी होते, मग थांबते, मग तिच्या पोटातून आवाज येतो. त्या आवाजावरून तिसऱ्या मजल्यावरच्यांना कळतं, साहेब ऑफिसला निघाले.

टप उघडून जायचे दिवस त्यांनी मोजून ठेवले. चैत्र-वैशाखात डोकं तापतं. आषाढ-श्रावणात बुडतं. भाद्रपदात मिरवणुकांचा गुलाल. एका रविवारी ते टप उघडून नगर रस्त्याच्या सिग्नलला उभे राहिले आणि शेजारी एसटी येऊन थांबली. खिडकीतला प्रवासी पान खात होता. त्याने वरून खाली पाहिलं, उघडी गाडी पाहिली, क्षणभर विचार केला आणि चक्क तोंड आवरलं. माणुसकी शिल्लक आहे, असं नायक घरी येऊन म्हणाले. मग शर्टाच्या बाहीवरचे दोन ठिपके सौ.नी दाखवले.

सोसायटीचा वॉचमन मात्र गाडीवर लट्टू. त्याने एकच विचारलं होतं, "साहेब, ॲव्हरेज किती देते?" नायकांनी खरा आकडा सांगितला. तेव्हापासून तो गेट उघडताना आदराने नव्हे, दयेने सलाम करतो.

दसऱ्याला आपट्याची पानं वाटून झाली आणि मातोश्रींनी पदर खोचला. "चल रे, पर्वतीच्या पायथ्यापर्यंत फिरवून आण." त्यांना सीटवर उतरवायला एक माणूस लागला; काढायला दोन लागतील, हे तेव्हाच दिसत होतं. डोक्याला सौ.च्या ओढणीचा रुमाल, हातात पर्स, मांडीवर प्रसादाचा डबा, कारण डिकीत टपाची घडी मावते आणि दुसरं काही मावत नाही. मागून सौ. स्विफ्ट घेऊन निघाल्या. तिच्यात मुलगा, नणंद, नणंदेचे यजमान, पाण्याचा कॅन आणि जॅक. लाल गाडीला कंपनीने स्टेपनीच दिलेली नाही.

नायकांनी बटण दाबलं. टप उचलला गेला, मधोमध येऊन थांबला, थरथरला आणि तिथेच राहिला, अर्धवट उघडलेल्या छत्रीसारखा. चौकात रिक्षावाले वळून पाहू लागले, एक पोरगा मोबाइल घेऊन धावला. मागून स्विफ्टने हॉर्न दिला. नायक बटण दाबत होते, सोडत होते, पुन्हा दाबत होते.

मातोश्रींनी कपाळावर हात आडवा धरला.

"वरचं लाव रे आता. ऊन लागतंय."