‘रेग्युलरच पाहिजेत’ म्हणणाऱ्या साहेबांना खुलं पत्र

साहेब,

तुमचं नाव मी इथे लिहिणार नाही, तुमच्या संस्थेचंही नाही. तुमच्यासारखे साहेब प्रत्येक तालुक्यात बसलेले आहेत. ज्याला हे पत्र लागू पडेल, त्याने ते आपल्यालाच आलंय असं समजावं.

लिपिकाच्या जागेसाठी मी मुलाखतीला आले होते. तुम्ही फाईल उघडलीत, पदवीच्या प्रमाणपत्रावर मुक्त विद्यापीठाचं नाव पाहिलंत आणि फाईल मिटलीत. “बाहेरून केलंय ना? आम्हाला रेग्युलर पाहिजेत.” एवढं बोलून तुम्ही बेल दाबलीत आणि पुढच्या उमेदवाराला आत बोलावलंत. माझा विषय कोणता, गुण किती, काहीच पाहिलं नाहीत. माणसं पारखण्यासाठीच तुम्हाला त्या खुर्चीत बसवलंय. न पारखता निकाल देणाऱ्याने दुसऱ्याच्या शिक्षणाला कच्चं म्हणू नये. त्या दिवशी त्या खोलीत कच्चं काम एकच झालं आणि ते तुमच्या हातून झालं.

आधी नियमाचं सांगते, कारण तो तुम्ही वाचलेला दिसत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे मुक्त आणि दूरस्थ शिक्षणाबद्दलचे २०२० चे विनियम आहेत. त्यातला बाविसावा विनियम काढा. मान्यताप्राप्त संस्थेतून दूरस्थ पद्धतीने घेतलेली पदवी ही नेहमीच्या पद्धतीने घेतलेल्या त्याच पदवीशी समतुल्य मानावी, असं त्यात लिहिलंय. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने हे पुन्हा जाहीर केलं. वाचायला पाच मिनिटं लागतात. भरतीची जबाबदारी घेणाऱ्याने ती पाच मिनिटं काढायलाच हवीत.

आणि ज्या विद्यापीठाचं नाव वाचून तुम्ही फाईल मिटलीत, ते कुणाच्या दुकानाच्या माडीवर चाललेलं नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून स्थापन केलं. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही झाले. देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये हैदराबादला निघालं. लंडन विद्यापीठ तर १८५८ पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांना परीक्षेला बसू देतंय. नेल्सन मंडेलांनी कायद्याची पदवी कैदेत असताना दूरशिक्षणाने पूर्ण केली. त्यांच्याही फाईलला तुम्ही हात लावला नसता.

आता आम्ही शिकतो कसं ते ऐका, कारण तुमच्या डोक्यात असं दिसतंय की आम्ही पैसे भरतो आणि टपालाने पदवी येते.

माझं बारावीनंतर लग्न झालं. घर, शेत, दोन लेकरं, सासऱ्यांचं आजारपण. कॉलेज सकाळी साडेसातला भरायचं आणि माझ्या गावातून पहिली एसटी आठला. हे गणित तुमच्या ‘रेग्युलर’मध्ये कुठे बसवायचं ते मला सांगा. धाकटा शाळेत जायला लागला तेव्हा मी तालुक्याच्या अभ्यासकेंद्रावर नाव घातलं. रविवारी संपर्कसत्र असायचं. एरवी अभ्यास घरी, पहाटे किंवा रात्री सगळी निजल्यावर. परीक्षा मे-जूनला, म्हणजे नेमकी लग्नसराई आणि पेरणीची घाई. नणंदेच्या मुलीच्या हळदीतून उठून मी पेपरला गेले, त्यावरून वर्षभर टोमणे खाल्ले.

पहिल्या वर्षाचा पहिला पेपर आठवतो. उत्तरं येत होती, पण हात चालेना. इतकी वर्षं पेन धरलं होतं ते किराणाची यादी लिहायला. तासाभरात अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली आणि अक्षर वाकडंतिकडं व्हायला लागलं. शेवटचा प्रश्न येत असून सुटला. मग वर्षभर रोज संध्याकाळी, पोळ्या झाल्या की, मुलांच्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर घड्याळ लावून उत्तरं लिहिली. दुसऱ्या वर्षी एकही प्रश्न सुटला नाही. तुमच्या रेग्युलर उमेदवाराला हात पुन्हा लिहिता करावा लागत नाही, साहेब. आम्हाला आधी तो करावा लागतो आणि मग अभ्यास.

आमच्या वर्गात एसटीचे कंडक्टर भाऊ होते. शनिवारी रात्री मुक्कामाची गाडी, रविवारी सकाळी ती परत आणायची आणि डेपोत हिशोब भरून तसंच खाकी गणवेशात वर्गात यायचं. डोळे तांबारलेले. मागच्या बाकावर बसले तर झोप लागेल म्हणून ते पहिल्या बाकावर बसायचे. सर फळ्याकडे वळले की स्वतःच्या दंडाला चिमटा घ्यायचे, हे मी शेजारून पाहिलंय. परीक्षेला रजा मिळेना म्हणून त्यांनी ड्युट्या बदलून घेतल्या आणि त्याच्या बदल्यात दिवाळीत दुसऱ्यांच्या ड्युट्या केल्या. एका सरपंच ताई होत्या. आरक्षणातून निवडून आलेल्या, शाळा सातवीपर्यंत. समोर आलेल्या कागदावर सही करण्याआधी तो स्वतः वाचून कळला पाहिजे, एवढ्यासाठी त्या शिकायला आल्या. बारावी न झालेल्यांसाठी असलेला पूर्वतयारी शिक्षणक्रम त्यांनी आधी केला आणि मग पदवीच्या पहिल्या वर्षात आमच्याबरोबर बसल्या. पहिल्या वर्षी आमचा वर्ग गच्च भरलेला होता. तिसऱ्या वर्षी निम्मे बाक रिकामे. गळालेले सगळे आळशी नव्हते. कुणाची बदली झाली, कुणाचं बाळंतपण आलं, कुणाकडे फी भरायच्या महिन्यात पैसे नव्हते. जे टिकले, ते काय सोसून टिकले हे तुमच्यासमोरच्या कागदावर दिसत नाही. ते विचारावं लागतं.

माझा विषय लोकप्रशासन. त्याचा उपयोग मी तुमच्या नोकरीची वाट बघत थांबवला नाही. ग्रामसभेच्या आधी गावातल्या बायकांची वेगळी सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे, हे मी अभ्यास करताना शिकले. आमच्या गावात ती सभा कागदावर होत होती. पुढच्या ग्रामसभेत मी उभी राहिले आणि महिला सभेचं इतिवृत्त वाचून दाखवा म्हणाले. ग्रामसेवकांनी रजिस्टरची पानं उलटली आणि मान खाली घातली. तेव्हापासून आमच्याकडे ती सभा खरोखर भरते, आणि पहिल्याच सभेत बायकांनी शाळेच्या मुतारीचा विषय लावून धरला. तुमच्या संस्थेत पत्रव्यवहार, नियम, इतिवृत्त सांभाळायला माणूस हवा होता ना? तो समोर बसला होता.

आता तुमची शंका जिथे खरी आहे, तिथे मी तुमच्या बाजूने बोलते. काही केंद्रांवर तयार स्वाध्याय विकत मिळतात. मान्यता नसताना जाहिराती करून लोकांचे पैसे लुबाडणाऱ्या संस्थाही आहेत. प्रयोगशाळेशिवाय जे शिकता येत नाही, ते पत्राने शिकवू नये, हेही मला मान्य आहे. पत्रद्वारे दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली बोट ठेवलं, ते योग्यच झालं. पण ही चोरी आमचंच सगळ्यात जास्त नुकसान करते. रात्री जागून स्वाध्याय लिहिणाऱ्या बाईच्या गुणपत्रकाला तुम्ही त्या चोरांमुळेच हात लावत नाही. मग चोर ओळखा. आयोगाच्या संकेतस्थळावर मान्यतेची यादी असते, ती बघा. विषयातले चार प्रश्न विचारा, एक अर्ज समोर बसवून लिहून घ्या. खोटी पदवी दहा मिनिटांत उघडी पडते. तुम्ही ही दहा मिनिटं वाचवलीत आणि चोराला आणि आम्हाला एकाच रांगेत उभं केलंत.

अजून एक विचारते. २०२० आणि २०२१ मध्ये तुमची रेग्युलर कॉलेजं बंद होती. मुलं घरी बसून मोबाईलवर तासाला हजेरी लावत होती आणि परीक्षाही घरूनच देत होती. त्या पदव्यांवर तुम्ही ‘बाहेरून’ असा शेरा मारलात का? नाही मारलात, आणि मारायलाही नको होता, कारण त्या मुलांचा काही दोष नव्हता. अडचण आली म्हणून शिक्षण घरी आलं. आमच्याकडे ती अडचण आयुष्यभराची आहे, एवढाच फरक. त्या मुलांना तुम्ही समजून घेतलंत. कंडक्टर भाऊंना समजून घ्यायला तुम्हाला काय अडलं?

मला तुमची सहानुभूती नको, दोन गोष्टी हव्या आहेत. तुमच्या भरतीच्या जाहिरातीत ‘फक्त नियमित पदवीधरांनी अर्ज करावा’ ही ओळ असते, ती काढा. ज्या पदासाठी फक्त पदवी लागते, तिथे ती ओळ घालायला तुम्हाला काही आधार नाही. आणि मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाची फाईल शेवटच्या पानापर्यंत वाचा, मग नाकारायचं तर खुशाल नाकारा. उत्तर चुकलं म्हणून नाकारलंत, तर मी तक्रार करणार नाही, पुन्हा अभ्यास करीन.

पुढच्या भरतीला आमच्या केंद्रावरची एक आशा ताई तुमच्याकडे अर्ज करणार आहे. विषय अर्थशास्त्र, गुण माझ्यापेक्षा बरेच जास्त. तिला मुलाखतीला जरूर बोलवा. फक्त रविवार नको. रविवारी तिचं एम.ए.चं संपर्कसत्र असतं आणि ती ते बुडवत नाही.

आपली,
मुक्त विद्यापीठाची एक पदवीधर